फोटो पेपरच्या बॉक्समध्ये छापील माहितीपत्रक हवं की नको? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डार्करूममध्ये, म्हणजे अंधाऱ्या खोलीत, निगेटिव्हवरून ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट करणाऱ्यांमध्ये हा वाद अधूनमधून निघतोच. पेपरच्या बॉक्समधून निघणारा तो घडी घातलेला कागद, कुणी म्हणतं कचरा, कुणी म्हणतं तोच सगळ्यात कामाचा. माझं मत आधीच सांगतो, पत्रक हवंच. पण आज जसं मिळतं तसं नव्हे. कसं ते खाली येईलच.

हे पत्रक म्हणजे नक्की काय, आणि असतं कुठे?

फोटो पेपरच्या बॉक्सची रचना साधी आहे. बाहेर पुठ्ठ्याचा बॉक्स किंवा पाकीट, आत प्रकाश न शिरणारी काळी प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत पेपर. पत्रक असलंच तर ते बॉक्स आणि काळी पिशवी यांच्या मधे असतं, म्हणजे उजेडात बॉक्स उघडून वाचता येतं, पिशवीला हात लावावा लागत नाही. त्यात सेफलाइट (पेपर खराब न करणारा मंद रंगीत दिवा) कुठला, फिल्टर कसे वापरायचे, डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणारं केमिकल) किती वेळ, फिक्सरमध्ये (चित्र पक्कं करणारं) किती, धुवायचं किती असं सगळं, तेही चार-पाच भाषांत, त्यामुळे अक्षर बारीक. काही पेपरांत मिळतं, काहींत मिळत नाही, आणि एकाच कंपनीच्या दोन पाकिटांतसुद्धा कधी असतं कधी नसतं.

नेटवर पीडीएफ असतं की, मग छापायचं कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि ऐकायला अगदी बरोबर वाटतो. पेपर बनवणारी इंग्लंडची इल्फर्ड असो नाहीतर झेकची फोमा, दोघांची टेक्निकल शीट नेटवर फुकट मिळतात, आणि ती छापील पत्रकापेक्षा कितीतरी सविस्तर असतात. घरी निवांत बसून वाचायला पीडीएफच चांगलं, त्यात वादच नाही.

पण माहिती लागते कधी ते बघा. तुम्ही आत आहात, दार बंद, लाल दिवा चालू, इझेलवर (पेपर सपाट धरणारी चौकट) पेपर लावलाय, ग्रेड चारचा, म्हणजे कडक कॉन्ट्रास्टचा, फिल्टर घातलाय आणि एक्सपोजर दुप्पट करायचं का नाही तेच आठवत नाहीये. आता खिशातून मोबाइल काढणार का? मोबाइलच्या स्क्रीनचा प्रकाश पांढरा असतो, त्यात निळा आणि हिरवा भरपूर, आणि मल्टिग्रेड पेपरला (फिल्टर बदलून ग्रेड, म्हणजे कॉन्ट्रास्ट, बदलता येणारा पेपर) नेमके तेच दोन रंग दिसतात. ब्राइटनेस कितीही कमी केला तरी उघड्या पेपरवर फॉग, म्हणजे नको ती करडी झाक, यायचा धोका आहेच. आणि पेपर झाकून स्क्रीन बघितली तरी तुमचे डोळे जे अंधाराला सरावलेले असतात ते परत बिघडतात, मग ट्रेमधली प्रिंट काळी आहे की गोरी याचा अंदाज काही मिनिटं चुकत राहतो. वर हात ओले, डेव्हलपर लागलेले. भिंतीला टाचलेला कागद मात्र सेफलाइटमध्ये मान वळवली की वाचता येतो, आणि पत्रक छापण्यासाठी माझ्या मते एवढं एकच कारण पुरेसं आहे.

मग बॉक्सवर क्यूआर कोड दिला तर?

द्यावा, जरूर द्यावा, पण पत्रकाच्या जोडीला, त्याच्या बदल्यात नको. वर सांगितलेली मोबाइलची अडचण त्यातही तशीच राहते. शिवाय वेबसाइटची मांडणी बदलली की जुने पत्ते बंद पडतात, आणि फोटो पेपर ही काही महिन्याभरात संपणारी वस्तू नाही, लोक फ्रिजमध्ये वर्षानुवर्षं ठेवतात. पेपर चांगला राहिला आणि कोड मेला, असं सहज होऊ शकतं.

इतकी वर्षं प्रिंट करणाऱ्या माणसाला पत्रकाचा काय उपयोग?

आरसी पेपर (प्लास्टिकचा थर दिलेला), इल्फर्डचा मल्टिग्रेड डेव्हलपर एकास नऊ भाग पाणी, 20 डिग्रीला एक मिनिट, हे ज्याला पाठ आहे त्याला रोजच्या कामात उपयोग नाही, मान्य. पण तीन ठिकाणी अनुभवी माणूससुद्धा अडतो.

पहिलं, कलर हेडवाला एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून पेपरवर पाडणारं यंत्र, ज्याच्या दिव्याच्या भागातच रंगीत फिल्टर असतात. तुमच्याकडे सुटे मल्टिग्रेड फिल्टर नसतील आणि एन्लार्जरच्या हेडमधल्या पिवळ्या आणि मॅजेंटा चाकांवरच ग्रेड लावत असाल, तर कुठल्या ग्रेडला किती पिवळा किती मॅजेंटा हा तक्ता लागतो, आणि तो सगळ्या एन्लार्जरना एकच नसतो. डर्स्ट कंपनीच्या हेडमध्येच दोन प्रकार आहेत, एकाचा मॅजेंटा 130 पर्यंत जातो, दुसऱ्याचा 170 पर्यंत, आणि कोडॅकच्या आकड्यांवर चालणाऱ्या हेडचा हिशोब आणखी वेगळा. एकाचे आकडे दुसऱ्यावर लावले तर ग्रेड तीन समजून भलत्याच कॉन्ट्रास्टवर प्रिंट निघते आणि माणूस दोष देतो पेपरला. हा तक्ता कुणाच्याही डोक्यात राहत नाही, माझ्याही नाही.

दुसरं, पेपर बदलतो. 2013 मध्ये इल्फर्डने फायबर पेपरात (प्लास्टिकचा थर नसलेला, नुसत्या कागदाचा) मल्टिग्रेड फोरच्या जागी मल्टिग्रेड एफबी क्लासिक आणला. नाव ओळखीचं, कंपनी तीच, पण इमल्शन (पेपरवरचा प्रकाश टिपणारा थर) नवीन, म्हणजे जुन्या टाइमिंगच्या वहीतले आकडे जसेच्या तसे चालतील असं धरून चालणं चूक. अशा वेळी पहिल्या पाकिटातला कागद उलगडून वाचणं हे अनुभवी माणसाचंच काम आहे.

तिसरं, कधीतरी वापरायचा पेपर. रोज आरसी वापरणारा माणूस वर्षातून एकदा वॉर्मटोन (तपकिरी झाकेचा) फायबर आणतो, किंवा पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळे रंग दिसणारा, पेपर आणतो जो लाल दिव्यातसुद्धा उघडायचा नसतो. तिथे सवयच घात करते.

पत्रकात नक्की काय काय हवं?

माझ्या हातात असतं तर एका बाजूला मावेल एवढंच ठेवलं असतं, आणि क्रम कामाचा लावला असता.

सगळ्यात वर सेफलाइट. कारण ही चूक झाली तर पुढचं सगळंच वाया जातं. जुना फिक्स ग्रेडचा, म्हणजे एकाच कॉन्ट्रास्टचा, ब्रोमाइड पेपर मुख्यतः निळ्या प्रकाशाला संवेदनशील, त्यामुळे स्टुडिओतल्या पिवळसर-नारिंगी दिव्यात तो बिनधास्त चालायचा. मल्टिग्रेडला हिरवाही दिसतो, कारण ग्रेड बदलण्याची सगळी करामतच त्यावर आहे, पिवळा फिल्टर निळा अडवतो म्हणून प्रिंट मऊ, मॅजेंटा हिरवा अडवतो म्हणून कडक. म्हणजे जुना दिवा नव्या पेपरला चालेलच असं नाही. इल्फर्डची शिफारस 902 नंबरचा हलका तपकिरी सेफलाइट, 15 वॉटचा बल्ब, आणि कामाच्या जागेपासून निदान 1.2 मीटर लांब. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानातला लाल झिरोचा बल्ब लावून काम करणारे खूप आहेत, त्यातले काही बल्ब चालतात, काहींच्या काचेवरच्या रंगातून पांढरा प्रकाश गळतो, दिसायला मात्र दोन्ही सारखेच लाल. म्हणून सेफलाइटची टेस्ट कशी करायची तेही दोन ओळींत छापायला हवं.

मग केमिकलच्या वेळा, पण केमिकलच्या नावासकट! नुसतं फिक्सर 30 सेकंद असं लिहिणं धोक्याचं आहे. ते 30 सेकंद रॅपिड फिक्सरसाठी, एकास चार पातळ केलेल्या, आणि आरसी पेपरसाठी. आपल्याकडे अजून बरेच जण खडे विरघळवून केलेला साधा हायपो वापरतात. रॅपिड फिक्सर म्हणजे अमोनियम थायोसल्फेट, हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, आणि हायपोला कितीतरी जास्त वेळ लागतो, पाच ते दहा मिनिटांच्या घरात. 30 सेकंद हायपोत बुडवून काढलेली प्रिंट त्या दिवशी सुंदर दिसते, पण आत उरलेला सिल्व्हर हॅलाइड (प्रकाशाला संवेदनशील चांदीचं संयुग) तसाच असतो आणि काही काळाने डाग पडतात, पिवळी पडते. कुणाच्या लग्नाचे, कुणाच्या आजीचे फोटो असे गेलेत, आणि ज्याने प्रिंट केली त्याला शेवटपर्यंत कळलं नाही की चूक कुठे झाली, म्हणून मी या एका ओळीवर एवढा अडून बसतो.

त्याखाली धुण्याच्या वेळा, आरसी आणि फायबर वेगवेगळ्या. आरसीच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा थर असतो, पाणी मधल्या कागदात शिरत नाही, म्हणून वाहत्या पाण्यात दोन मिनिटं पुरतात. उलट आरसी पाण्यात तासन्‌तास पडून राहिली तर कडेने पाणी आत शिरतं आणि कडा सुटतात, ट्रेपासून धुण्यापर्यंत सगळं मिळून पाव तासात उरकलेलं बरं. फायबरच्या कागदात केमिकल मुरतं, वॉश एड (धुणं लवकर उरकवणारं रसायन) नसेल तर साधारण तासभर धुवावं लागतं.

आणि शेवटी फिल्टरची एक ओळ, 00 पासून साडेतीनपर्यंत एक्सपोजर तेच, चार ते पाचला दुप्पट. कलर हेडचा तक्ता मागच्या बाजूला.

आणि काय नको?

जाहिरात नको. बाकीच्या पेपरांची यादी नको. प्रिंट कशी करायची याचा पहिल्यापासूनचा धडा नको, तो वर्कशॉपमध्ये नाहीतर व्हिडिओ बघून शिकायचा. आणि लाल शाईत छापलेलं काहीही नको! लाल सेफलाइटमध्ये लाल शाई पांढऱ्या कागदावर जवळजवळ दिसतच नाही. हे लक्षात न घेता महत्त्वाची सूचना उठून दिसावी म्हणून लाल अक्षरात छापतात आणि डार्करूममध्ये नेमकी तीच गायब होते. काळी शाई, मोठं अक्षर, झालं.

पत्रकात 20 डिग्री लिहिलंय, आपल्याकडे मे महिन्यात नळाचं पाणीच 30 च्या वर, मग?

बरोबर पकडलंत. ही पत्रकं बनतात थंड देशात, इल्फर्डचा पेपर इंग्लंडमध्ये चेशायरमधल्या मोबर्लीला बनतो आणि फोमाचा झेकमधल्या ह्राडेत्स क्रालोवेला. तिकडे प्रश्न असतो पाणी कोमट कसं करायचं, इकडे नागपूर-जळगावात उलटा. गरम डेव्हलपरमध्ये प्रिंट भराभर काळी होते, माणूस घाबरून लवकर बाहेर काढतो, आणि मग काळा रंग पूर्ण भरत नाही, प्रिंट मातकट दिसते. फार गरम पाण्यात इमल्शनचं जिलेटिनही फुगून नाजूक होतं, चिमट्याचे ओरखडे पटकन पडतात.

उपाय साधा आहे, डेव्हलपरचा ट्रे एका मोठ्या ट्रेमध्ये ठेवायचा आणि बाहेरच्या ट्रेत बर्फाचं पाणी. बर्फ डेव्हलपरमध्ये थेट टाकायचा नाही, पातळ होतो, टाकायचाच तर घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून. मल्टिग्रेड डेव्हलपर एकास चौदा केला तर 20 डिग्रीला आरसीची वेळ एक मिनिटावरून दीड मिनिट होते, म्हणजे गरमीत थोडी सवड मिळते. पण मुद्दा पत्रकाचा आहे, हा पेपर भारतात विकायचा असेल तर 24 आणि 28 डिग्रीच्या वेळाही द्या ना. दोन आकडे जास्त छापायला जागा किती लागते?

पत्रक काळ्या पिशवीच्या आत, पेपरबरोबर ठेवलं तर हरवणार नाही ना?

अजिबात नको. एक तर ते वाचायला पिशवी उघडावी लागेल, आणि ज्याला अजून काहीच माहीत नाही तोच माणूस ती उजेडात उघडेल. दुसरं म्हणजे साधा छापील कागद, त्याची धूळ, त्याची शाई, त्यातला दमटपणा, हे सगळं इमल्शनला चिकटून ठेवायची गोष्ट नाही. रंगीत पेपर तर पूर्ण अंधारात हाताळायचा असतो, तिथे चाचपडताना पत्रकालाच पेपर समजून इझेलवर लावलं जाईल. पिशवीत आत फक्त पेपर, आणि फार तर आधाराचा पुठ्ठा.

सगळं बॉक्सवरच छापलं तर वेगळा कागद लागणारच नाही, ते का चालत नाही?

थोडं चालतं. सेफलाइटची ओळ आणि "फक्त सेफलाइटमध्ये उघडा" ही सूचना बाहेरच हवी, मोठी हवी, सीलच्या पट्टीवर हवी. कुरिअर आलं की घरातलं कुणीतरी उत्साहाने उघडतं, बाहेरून मागवलेला बॉक्स कस्टममध्ये उघडला जाऊ शकतो, त्यांना आतलं पत्रक काय सांगणार?

पण सगळं बॉक्सवर नको. आपल्याकडे रिकामा फोटो पेपरचा बॉक्स कुणी टाकत नाही, त्यात तयार प्रिंट ठेवतात, निगेटिव्ह ठेवतात, उरलेला दुसराच पेपर ठेवतात. फायबरच्या बॉक्समध्ये आरसी आणि ग्लॉसीच्या बॉक्समध्ये मॅट असं कुठल्याही डार्करूमच्या कपाटात सापडेल. मग बॉक्सवरची माहिती दिशाभूल करते. सुटं पत्रक पेपरबरोबर दुसऱ्या बॉक्समध्ये जाऊ शकतं, बॉक्सची मागची बाजू नाही जाऊ शकत.

कागद वाया जातो, पर्यावरणाचं काय?

हिशोब करून बघा. ए-फाइव्ह आकाराचं साध्या 80 जीएसएम (एका चौरस मीटरला इतके ग्रॅम) कागदाचं पत्रक भरतं अडीच ग्रॅम. 190 जीएसएम बेसचा आठ बाय दहा इंचाचा एक आरसी पेपर भरतो जवळपास दहा ग्रॅम. म्हणजे एक फुकट गेलेली प्रिंट म्हणजे चार पत्रकं, आणि त्या प्रिंटवर चांदी, प्लास्टिक, केमिकल आणि पाणीही खर्च झालेलं. पत्रक वाचून एका पाकिटामागे एक प्रिंट जरी वाचली तरी हिशोब फिटला. तरीही शंभर पेपरचा बॉक्स घेणाऱ्याला दर वेळी तेच पत्रक मिळून कंटाळा येतो हे खरंय. त्यासाठी 25 च्या पाकिटात पत्रक हमखास द्यावं, कारण नवशिका तेच घेतो, आणि मोठ्या बॉक्समध्ये फक्त पेपर किंवा माहिती बदलली तेव्हा, वर तारीख छापून. तारीख फार महत्त्वाची, दोन पत्रकं हातात आली तर नवीन कुठलं ते कळायला हवं.

मराठीत पत्रक कधी मिळेल?

कंपनीकडून मिळेल असं वाटत नाही, धंदा तेवढा मोठा नाही. पण इथला डीलर एक झेरॉक्स पान पाकिटाबरोबर नक्की देऊ शकतो. वर्कशॉप घेणाऱ्यांनी स्वतःचं पान बनवावं, मराठीत, सेफलाइट-फिल्टर-वेळा एवढंच, आणि हायपोवाल्यांसाठी वेगळी ओळ. शिकायला येणारी पोरं इंग्रजी वाचतात हो, पण अंधारात, घाईत, पहिल्यांदा, आपल्या भाषेतली ओळ पटकन डोक्यात शिरते.

कंपनीच बंद पडली तर जुन्या पेपरची माहिती कुठून आणायची?

हा माझ्या जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. कोडॅकने ब्लॅक अँड व्हाइट पेपर बनवणं 2005 मध्ये थांबवलं. त्याच वर्षी जर्मनीत आग्फाफोटो दिवाळखोरीत गेली. आपली स्वतःची हिंदुस्थान फोटो फिल्म्स, उटीची, 1960 मध्ये सुरू झालेली सरकारी कंपनी, तिचा इंदू ब्रँड एकेकाळी गावोगावच्या स्टुडिओत होता, तीही गेली. या सगळ्यांचा पेपर मात्र अजून जुन्या स्टुडिओच्या माळ्यावरून, भंगारातून, कुणाच्या काकांच्या ट्रंकेतून बाहेर येतो. अशा पाकिटात घडी घातलेलं पत्रक असलं तर सोनंच समजा. ग्रेड कुठला, डेव्हलपर कुठला, सेफलाइट कुठला, हे सांगणारं तेवढंच एक उरलेलं असतं. तुमच्याकडे असं काही असेल तर फेकू नका, दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो काढा आणि पेपर वापरणाऱ्यांना द्या.

माझ्या पाकिटात पत्रकच नाही निघालं, आता काय करू?

घाबरायचं कारण नाही. आधी बॉक्सचं लेबल नीट वाचा. इल्फर्डच्या लेबलवर 1एम म्हणजे ग्लॉसी, 44एम म्हणजे पर्ल, 25एम म्हणजे सॅटिन, हे आरसी. 1के ग्लॉसी आणि 5के मॅट, हे जाड फायबर. नाव कळलं की डार्करूममध्ये जायच्या आधी कंपनीचं पीडीएफ उघडा आणि वेळा एका कागदावर काळ्या मार्करने लिहून भिंतीला लावा.

मग सेफलाइटची टेस्ट. पेपरच्या एका तुकड्याला आधी एन्लार्जरखाली अगदी थोडा प्रकाश द्या, इतका की डेव्हलप केल्यावर फिकट राखाडी येईल, कारण थोडा प्रकाश खाल्लेला पेपर सेफलाइटला जास्त हळवा असतो आणि कोऱ्या पेपरवर केलेली टेस्ट फसवते. त्यावर एक नाणं ठेवा, सेफलाइट चालू ठेवून सात-आठ मिनिटं थांबा, मग डेव्हलप करा. नाण्याचा गोल उमटला तर दिवा लांब न्या, नाहीतर बदला, आणि परत टेस्ट करा. गोल नाही उमटला तर दोन नंबरचा फिल्टर लावून टेस्ट स्ट्रिप (वेगवेगळ्या एक्सपोजरची पट्टी) काढा आणि कामाला लागा, निघालेली वेळ त्याच भिंतीवरच्या कागदावर पेपरच्या नावापुढे तारखेसकट लिहून ठेवा.